टिकलीला बिबट्यानं नेलं

माझ्या सासऱ्याची एक शेळी व्हती. ती बाभळीच्या शेंड्यावर जाऊन बसायची. तिथून तिला परंड्याचा किल्ला दिसायचा, आन किल्ल्यापसून कळंबची एस्टी सुटली की ती शेंड्यावरूनच ब्यां करायची. आमी मंग निवांत भाकर खाऊन, लुगडं नीटनेटकं करून फाट्यावर जायचो, तरी एस्टी यायला अवकाश असायचा. कंडक्टरनं वर तक्रार केली म्हणं, ह्या गावची लोकं वेळापत्रकाला मानत न्हाईत, शेळीला मानतेत.

ही गोष्ट सुमनला लई आवडायची. सुमनबाई गावच्या शाळेत खिचडी शिजवती. नवरा पिराजी वारला, पोरगी प्रीती लातूरला नर्सिंग शिकती. भीमनगरात घर हाय, पण फुडं रस्ता आन मागं गटार, शेळी बांधायची कुठं? म्हणून तिनं तिची शेळी आमच्या छपरात अर्धलीनं ठिवली. शेळी तिची, चारापाणी आमचं, आन करडं झाली की निम्मी तिला, निम्मी आमाला. कागुद न्हाय की पत्तर न्हाय.

"दगडाकाकू, तुमच्याकडं देते बरं का."

"दे की."

एवढंच बोलणं झालं.

शेळी काळीभोर. लोंबते कान, कपाळावर पांढरा टिपका, म्हणून टिकली. शाळा सुटली की सुमन खिचडीचा हात धुऊन सरळ आमच्या छपरात यायची. टिकलीच्या पाठीवरून हात फिरवायची आन मला म्हणायची, "काकू, ती बाभळीवरची पुन्यांदा सांगा." म्या सांगायचे. दर टायमाला शेळी थोडी आणखी उच बसायची.

टिकली जोडीच द्यायची. एक पाट, म्हंजी मादी, आन एक बोकड. आता पाट सगळ्यालाच पायजे, पाटीनं कळप वाढतो. मंग कुणाला काय? आमच्याकडं हात लावायची रीत हाय. घरातल्या न्हान पोरीचं डोळं बांधायचं, करडं मोकळी सोडायची आन तिचा हात पयला ज्याला लागंल ते मालकिणीचं. कुणी कुरकुर करायची न्हाय.

आमच्याकडं हात लावायची आमची हर्षाली. माझ्या बलभीमची धाकटी. दर खेपंला तिचा हात पाटीवरच पडायचा. सुमन तिला छातीशी धरायची. "लेकराचा हात पावतोय गं बया," म्हणायची. गावात बोभाटा झाला. कुणी पेरणीला पयली मूठ धरायला हर्षालीला न्यायचं, कुणी नव्या दुकानाचं कुलूप उघडायला. मला इचारा तर त्यात कायी नव्हतं. पाट असती धीट, माणसाला हुंगायला आपणहून जवळ येती. बोकड उड्या मारीत लांब पळतंय. पण असं सांगून लेकराचा मान कशाला कमी करा?

योगीराज हे बघायचा. हर्षालीचा थोरला भाऊ. बारावी झालेला, पोलीस भरतीसाठी सकाळी रस्त्यानं पळायचा, उंचापुरा, माझ्या सासऱ्याच्या वळणावर गेलेला. ह्या गोष्टीत चांगलं दिसणारं माणूस त्यो एकटाच हाय, आन गोष्ट बी त्याचीच हाय.

करोनात शाळा मोबाईलात आली तवा बलभीमनं त्याला मोबाईल घेऊन दिला. बलभीम दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर डायव्हर. घेताना नोटा दोनदा मोजल्या त्यानं, पण पोराची शाळा म्हणल्यावर घेतला. गावात रेंज न्हाय. रेंज माळावर. मंग काय, योगी शेळ्या घेऊन माळावर जायचा, हर्षालीला काखंत मारायचा, ती तवा बोबडं बोलायची. तिथं मोबाईलात मास्तर गणित शिकवायचे आन ह्यो चाक फिरवायचा.

चाकाचा खेळ व्हता. रंगीत चाक, त्याच्यावर फळं, घंट्या. बोट लावलं की गरगर फिरायचं. सारखी फळं एका वळीत आली की नाण्याचा पाऊस, खळखळ खळखळ, निस्ता लक्ष्मीपूजनाचा आवाज. एक दिस म्या इचारलं, "किती झालं रं?"

"कोटी झालं आज्जे."

"मंग कळंबला बंगला बांध की, मला तिथं झोपाळा पायजे."

"ह्याचं मीठ बी येत न्हाय आज्जे. खेळातलं हाय."

म्या लई हसले. आळीतल्या बाया आल्या की म्या सांगायचे, आमी आता कोट्याधीश झालो, भाकरीला तूप मोबाईलातून काढतो. शिवगंगा, माझी सून, ती बी म्हणायची, "आत्या, राहू द्या. गुटखा खात न्हाय, कुणाच्या नादी लागत न्हाय, एका जागी बसतंय बिचारं." खरंच व्हतं. घरातून एक दमडी जात नव्हती. चाक फुकट, नाणी फुकट, हरला तर दुसऱ्या दिशी मोबाईलच आणखी नाणी द्यायचा. असा सावकार कुणी बघितलाय?

तवापसून त्याला हर्षालीच्या हाताची सवय लागली. "हर्षे, लाव गं बोट," म्हणायचा. ती बोट लावायची. लागलं की दोघं नाचायची, शेळ्या बावरून बघायच्या.

मंग त्यो अठराचा झाला. बँकेत खातं निघालं, भरतीच्या फारमासाठी. आन मोबाईलात दुसरा खेळ आला. म्या शेजारीच बसलेले व्हते, मला फरक कळला न्हाय. तेच चाक, तीच फळं, तोच खळखळ आवाज. फरक एवढाच की ह्या चाकात खरं पैशे जात व्हते. त्याला तरी तो फरक कितीसा वाटला आसंल? हात चाकावर बसलेला, पोरवयापसून.

पयल्यांदा लागलं. खरंच लागलं. कळंबहून जिलबी आणली, हर्षालीला चमकीचा फराक, मला चष्म्याची नवी दांडी. शिवगंगेनं इचारलं तर म्हणला, "भरतीच्या क्लासातल्या पोरांना पळायला शिकवतो, त्यांनी दिलं." हर्षालीच्या कानात मात्र खरं सांगितलं, "तुझ्या हातानं लागलं बघ." पोरगी दिवसभर फराक घालून छपरात बसली, शेळ्यांनी काठ चावला तरी उठंना.

त्याच्यानंतर लागंना.

योगी माझ्याजवळ बसून मोबाईल दाखवायचा. "हे बघ आज्जे, दोन घंट्या आल्या, तिसरी बी आलीच व्हती. एका घरानं हुकली. म्हंजी जवळ आलंय."

म्या म्हणलं, "फाट्याच्या जवळजवळ आलेल्या एस्टीत बसून कुणी कळंबला गेलंय का रं?"

त्यो हसला न्हाय. आधी हसायचा.

हर्षालीवर त्यो चिडायला लागला. "हात वला व्हता तुझा. दप्तराचा हात लावलास. मन लावून लाव." ती बिचारी हात धुऊन, माझ्या पदराला न्हाय तर फराकाला पुसून, डोळे मिटून बोट लावायची. एक दिस जेवताना बघते तर पोरगी डाव्या हातानं भाकर खायाली. उजवा हात फडक्यात गुंडाळून मांडीवर ठिवलेला.

शिवगंगेनं पाठीत धपाटा घातला. "डाव्या हातानं जेवतेत का गं? काय झालंय त्या हाताला?"

"कायी न्हाय."

"मंग सोड फडकं."

"झिजतो," हर्षाली म्हणली. "वापरला की झिजतो. दादासाठी ठिवलाय."

शिवगंगा कांद्याच्या रानातून आलेली, बोटं इळ्यानं कापलेली, कंबर मोडलेली. तिनं ऐकलं बी न्हाय नीट. फडकं वढून काढलं आन भाकर उजव्या हातात दिली. पोरीनं ती भाकर हातात धरली, पण खाल्ली न्हाय. योगी ताटावर मान घालून बसला व्हता. हातातला घास त्यानं ताटात ठिवला. मंग उठून त्यानं चूळ भरली आन मोबाईल घेऊन भाईर गेला.

त्या उन्हाळ्यात टिकली गाभण. पोट आसं की दोन्हीकडून खोगीर टाकल्यागत. चालली की पोट आधी वळायचं, मंग ती. रानात पाला उरला न्हाय. योगी आकडी घेऊन बाभळी झाडायचा, लांब बांबूला इळा बांधलेला, मान वर करून वढायचा, काटे डोक्यात पडायचे. म्या खाली बसून शेंगा येचायचे. टिकलीला आधी द्यायचे. सुमन शाळेतून उरलेलं मटकीचं पाणी आणायची, शेळीला पाजायची आन पोटाला कान लावायची.

"तीन हायती काकू. तीन ठोके लागतेत."

"चार हायती. एक झोपलंय."

"ह्या खेपंची पाट प्रीतीच्या नावानं ठिवनार हाय म्या. पोरगी शिकून आली की तिच्या दारात शेळी पायजे."

"हर्षालीचा हात हाय ना, कशाला भेती?" म्या म्हणले.

पलीकडं योगी आकडी घेऊन उभा व्हता. त्यानं तोंड फिरवलं.

एक दिस बलभीम ट्रॅक्टर घेऊन लांब गेलेला, शिवगंगा कांदा काटायला, आन माझ्या गुडघ्यानं संप केलेला. योगी एकटाच शेळ्या घेऊन गेला. ऊन उतरायच्या आधीच माघारी आला. सदऱ्याची बाही फाटलेली, ढोपर सोललेलं. शेळ्या पाठीमागून आल्या. टिकली न्हाय.

"बिबट्या," म्हणला. दारातच बसला. "वढ्याच्या कडंला. टिकलीला बिबट्यानं नेलं."

आमच्या भागात त्या साली बिबट्याची लई बोलवा व्हती. आज ह्या शिवारात वासरू, उद्या त्या शिवारात कुत्रं. आळी गोळा झाली. पोरं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन वढ्याकडं पळाली. बायांनी लेकरं घरात कोंडली. शिवगंगा रानातून तशीच पळत आली, योगीचं तोंड, हात, पाय चाचपून बघितलं आन मंग रडायला बसली.

म्या शेळ्याकडं बघत व्हते. जनावरानं धरलेला कळप म्या बघितलाय. शेळ्या एकमेकीच्या पोटात शिरतेत, लघवी सुटती, दोन दिस पान्हा सोडत न्हाईत. आमच्या शेळ्या निवांत बसून रवंथ करत व्हत्या. दुसरी शेळी माझ्या पदराला शेंग हाय का हुंगत व्हती.

"किती मोठा व्हता रं?" म्या इचारलं.

"मोठा व्हता."

"रंग?"

"बिबट्याचा."

"कुठून धरली?"

"मानंला धरली आन नेली."

म्या जन्मभर थापा मारलेलं माणूस. बिबट्याच्या मिशाला काय लागलं व्हतं, शेळी काय म्हणली, कावळं कुठं बसलं व्हतं, ह्याच्याबिगर गोष्ट उभी राहत न्हाय. ह्याच्या गोष्टीला पायच नव्हते. पण आळीला खरी वाटली. भ्यालेलं पोरगं एवढंच बोलनार, आसं त्यास्नी वाटलं.

तेवढ्यात सुमन आली. पातेलं घासायचं टाकून आलेली, कोपरापर्यंत राख. म्या म्हणलं आता ही कपाळ बडवून घेणार. तिनं छपराकडं बघितलं बी न्हाय. योगीच्या फुडं बसली, राखेच्या हातानं त्याचं डोकं धरलं आन छातीला लावलं.

"वाचलास रं बाबा. शेळी काय, दुसरी येईल. तुला धरलं आसतं तर कुठं जायचो आमी?"

योगीचं आंग लाकडासारखं ताठ झालं. तिनं सोडल्यावर त्याच्या केसात राख लागलेली तशीच व्हती.

"फॉरेस्टवाल्याला कळवा," कुणीतरी म्हणलं. "पंचनामा झाला की सरकार भरपाई देतंय."

दुसऱ्या दिशी सकाळी म्या छपरात झाडायला गेले. कोपऱ्यात पाल्याच्या ढिगामागं खुंटी हाय. खुंटीला टिकलीचं दावं. माझ्या जुन्या लुगड्याच्या काठाचं वळलेलं, हिरवं. नीट गुंडाळी करून अडकवलेलं.

म्या तिथंच खाली बसले.

बिबट्या गाठ सोडत न्हाय. दावं माघारी आणून खुंटीला तर मुळीच लावत न्हाय. पण जनावर इकलं तर आमच्याकडं दावं देयचं नसतंय. जनावर देयचं, दावं ठिवून घ्यायचं. दाव्यासंगं छपराची बरकत जाती म्हणतेत. येवढासा व्हता तवापसून योगीला म्या हे शिकवलेलं. बोकड इकलं की दावं सोडून आणायचं काम त्याचंच. दुसऱ्याची शेळी, गाभण, चोरून इकताना बी त्याला तेवढं कळलं. बरकत जाऊ नये म्हणून दावं घेऊन आला.

हर्षाली दारात उभी व्हती. म्या दावं दाखवलं. इचारायची गरज पडली न्हाय.

"दादानं दुपारी मला माळावर बलावलं व्हतं. म्हणला, हे शेवटचं. लागलं की सगळं माघारी येतंय, टिकली बी सोडवून आणतो येपाऱ्याकडनं." तिचं तोंड पांढरं पडलं व्हतं. "म्या हात कशालाच लावला नव्हता आज्जे. सकाळपसून. वेणी बी घातली न्हाय. तरी न्हाय लागलं. माझ्याच हातानं गेली टिकली."

"तुझ्या हाताचं कायी न्हाय. पाट आपणहून माणसाजवळ येती, म्हणून तुझा हात लागायचा. त्यात हाताचं काय?"

"मंग दादा का म्हणला?"

म्या तिची वेणी घातली आन दावं घेऊन उठले.

योगी हौदावर तोंड धूत व्हता. म्या दावं त्याच्या फुडं टाकलं. त्यानं बघितलं, आन हौदाच्या काठाला धरून हळूहळू खाली बसला.

"कुठं हाय टिकली?"

"रस्त्यावरच्या येपाऱ्याला दिली. त्यानं टेम्पोत घातली. सोलापूरकडं गेला."

"गाभण शेळी रं. सुमनची."

"माहीत हाय."

"एका चाकात घातली सगळी?"

"तासाभरात गेली." मंग त्यानं मान वर केली. डोळ्यात पाणी व्हतं, पण त्या पाण्याच्या मागं आणखी कायतरी चमकत व्हतं, आन मला त्याचंच भ्याव वाटलं. "आज्जे, दोन घंट्या आल्या व्हत्या. खरं सांगतो. तिसरी अर्धी दिसत व्हती."

म्या दावं उचलून कनवटीला खोचलं.

"आज फॉरेस्टवाला येणार हाय," त्यो म्हणला. "मला इचारलं की माझं तोंड उघडत न्हाय. तू सांग ना. तू सांगितलंस की कुणी इचारत बसत न्हाय. लोकं ऐकतच राहतेत. म्हण, तू बी माझ्यासंगं व्हतीस, तू बी बघितला. सुमनकाकीला भरपाई मिळंल, तिचं बी कायी जात न्हाय. आज्जे, एवढं एकदाच."

"माझ्या थापांनी कुणाच्या दारातली शेळी कमी झाली का रं कधी?" म्या इचारलं.

त्यो रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा, हुंदका आत वढून. म्या त्याच्या डोक्यावर हात ठिवला. केसात राख तशीच व्हती. त्यानं तिथलं डोकं धुतलंच नव्हतं.

ऊन चढल्यावर फॉरेस्टचा शिवकुमार मोटारसायकलवर आला. तरणा, चांगला माणूस. वढ्याच्या कडंला निम्मा गाव जमला. सुमन सगळ्याच्या फुडं, प्रीतीशी मोबाईलवर बोलून आलेली. बलभीम रातभर ट्रॅक्टरवर जागलेला, लाल डोळ्यानं उभा. शिवकुमारनं वाळूत बघितलं, झुडपात बघितलं.

"रगात न्हाय," म्हणला. "फरफटल्याची खूण न्हाय. पाऊल बी न्हाय. कुठं धरली दादा?"

योगीनं हात केला. एका बाजूला केला, मंग दुसऱ्या बाजूला.

"काकूला इचारा," गर्दीतनं कुणी म्हणलं. "दगडाकाकू, तुमी सांगा. बिबट्या काय म्हणला?"

लोकं हसली. सगळी माझ्याकडं वळली, गोष्ट ऐकायच्या वेळंला वळतेत तशी. पोरं फुडं सरकली. सुमन बी पदर सावरून नीट उभी राहिली. दोन दिसात तिच्या तोंडावर पयल्यांदा हसू आलं व्हतं. योगी माझ्याकडं बघत व्हता. एवढा उंच पोरगा, पण मान आत गेलेली.

म्या म्हणले, "बिबट्या आलाच न्हाय. टिकलीला मोबाईलनं खाल्लं."

निम्मा गाव खदाखदा हसला.

"कसं खाल्लं काकू? चार्जिंग लावून?"

"चाकात घातली. शेळी, पोटातली करडं, सगळी. चाक फिरलं, दोन घंट्या वाजल्या आन संपलं."

आणखी हसले. शिवकुमार सुदिक हसला, वही खाली करून. सुमन तोंडाला पदर लावून हसत व्हती, खांदं हालत व्हतं तिचं. म्हणली, "काकू, काय तुमी बी." म्या आसं खरं जन्मात बोलले नव्हते, आन कुणालाच कळंना.

मंग म्या कनवटीला खोचलेलं दावं काढलं आन सुमनच्या हातात दिलं.

तिला आमची रीत ठावं व्हती. सगळ्या गावाला ठावं व्हती. हसू एकेका तोंडावरनं उतरत गेलं, पयलं फुडच्या लोकांचं, मंग मागच्यांचं. सगळ्यात शेवटी एक न्हान पोरगं हसत राहिलं, त्याच्या मायनं त्याला चापट दिली. सुमननं दावं उलटून बघितलं. गाठीची जागा बोटानं चाचपली. मंग तिनं हर्षालीकडं बघितलं, आन हर्षालीनं दोन्ही हात पाठीमागं लपवले.

बलभीम फुडं आला. मला वाटलं पोराला मारतोय. त्यानं मारलं न्हाय. पोराच्या खिशातनं मोबाईल काढला, बघितला, उलटासुलटा केला. त्याला त्यो उघडायला बी येत न्हाय. बापानं दोनदा नोटा मोजून घेतलेली वस्तू, ती हातात धरून त्यो तसाच गर्दीतनं वाट काढत घराकडं गेला.

सुमन त्याच दिशी सांच्याला आली. छपराच्या भाईरच उभी राहिली. आत या म्हणलं तर आली न्हाय.

"काकू, माझ्या शेळ्या न्हेते."

टिकलीला आधी झालेल्या दोन पाटी तिच्या वाटणीच्या, त्या बी आमच्याकडंच वाढत व्हत्या. बलभीम म्हणला, "काकी, शेळीची किंमत म्या भरून देतो. कामावरनं थोडं थोडं करून देतो."

"द्या की," सुमन म्हणली. "गरीबाघरची हाय म्या, नको म्हणून कसं चालंल?" तिनं पदर खोचला. परत बोलली ती माझ्याकडं बघून. "शेळीचं एवढं न्हाय काकू. म्या त्याला जवळ घेतलं व्हतं. सगळ्या आळीच्या देखत."

"बांधायच्या कुठं ह्या?" म्या इचारलं.

"घरात. चुलीजवळ. माणसं राहतेत तिथं शेळ्या बी राहतील."

पाटी तिच्यासंगं जाईनात. आमच्या छपरात जन्मलेल्या, पाय रोवून उभ्या राहिल्या. सुमन वढायली, त्या वरडायल्या. रस्त्यानं लोकं बघायला लागली. शेवटी हर्षाली म्हणली, "म्या येते काकी." ती फुडं चालली, हातात पाला न्हाय, कायी न्हाय, आन पाटी गुमान तिच्यामागं गेल्या. भीमनगराच्या कोपऱ्यापर्यंत मला दिसत व्हत्या. पोरगी माघारी आली ती एकटी. कुणाशी बोलली न्हाय. पितळीत भाकर घेतली आन उजव्या हातानं खाल्ली, सगळी, कोर सुदिक ठिवली न्हाय.

आता सुमन शाळेतनं सरळ घरी जाती. वाटंत भेटली तर म्हणती, "बरं हाय का काकू?" म्या म्हणते, "बरं हाय." बाभळीवरच्या शेळीचं कुणी इचारत न्हाय. आळीतली पोरं एखाद्या टायमाला म्हणतेत, सांग ना आज्जे एखादी. म्या तोंड उघडते आन बघते, ही हसतील का ऐकतील? मंग मिटते.

बलभीम योगीला संगं कामाला न्यायला लागला. विहिरीचं खोदकाम हाय शेजारच्या शिवारात, बलभीम तिथली माती ट्रॅक्टरनं वाहतो. त्यो पाट्या भरतो, दगड वर देतो. हाताला फोड आले, फुटले, परत आले. भरतीचं पळणं बंद. घरात कुणी त्याला टाकून बोलत न्हाय, त्यो बी कुणाला बोलत न्हाय. मोबाईल शिवगंगेनं तिच्या पत्र्याच्या पेटीत ठिवलाय, किल्ली गळ्यात. योगी पेटीकडं बघत बी न्हाय. शिवगंगा मला म्हणती, "आत्या, सुटलं बघा पोराचं."

परवा भर दुपारी म्या त्यांची भाकर घेऊन विहिरीवर गेले. बलभीम खाली व्हता, मोटरवाल्याशी बोलत. योगी लिंबाखाली झोपलेला, घामानं मातीचे वघळ आलेले आंगावर, तोंड जरा उघडं. झोपला की त्यो अजून न्हानच दिसतो. म्या भाकर ठिवली आन शेजारी बसले.

त्याचा हात मांडीवर पडलेला व्हता. आन अंगठा हालत व्हता. आधी वाटलं मुंगी चावली. मंग बघितलं. अंगठा खाली दाबायचा, थांबायचा, वाट बघायचा, परत दाबायचा. झोपेत कपाळावर आठी पडायची, मंग जायची.

म्या माझा हात त्या अंगठ्याखाली सरकवला. म्हणलं, धरून ठिवावा. त्यो जागा झाला न्हाय. माझ्या तळहातावर, जिथं जुना घट्टा हाय तिथं, त्याचा अंगठा दाबतच राहिला.